रात्री अकराच्या ईमेलचे उत्तर सकाळी साडेनऊला

पत्र: मी ४१ वर्षांची असून जुळे सोलापूर भागात राहते. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात मर्चंडायझिंगचे, म्हणजे नमुन्यांपासून माल पाठवण्यापर्यंत ऑर्डरचा पाठपुरावा करण्याचे काम पाहते. आठवड्यातून सहा दिवस, सकाळी नऊ ते रात्री आठ अशी हजेरी असते आणि घरी आल्यावर परदेशी बायरचे (माल विकत घेणाऱ्या कंपन्यांचे) ईमेल अकरापर्यंत चालू राहतात. दिवाळीनंतर माझ्या एक सहकारी नोकरी सोडून गेल्या, त्यांच्या जागी अद्याप कोणी आलेले नाही. गेले काही महिने ईमेलचा आवाज आला तरी पोटात गोळा येतो, पॅकिंग विभागातल्या बायकांवर मी विनाकारण डाफरते आणि पूर्वी सहज होणारी पॅकिंग लिस्ट आता तीनदा तपासूनही चुकते. मोबाइलवर पाहून पहाटे पाचला उठणे, योगासने, ध्यान, रोजनिशी असे सगळे सुरू केले होते. ते दोन आठवड्यांत सुटले आणि आता त्याचीही टोचणी लागली आहे. मुलगा दहावीत आहे, सासूबाई सोबत असतात, पती पतसंस्थेत नोकरीला आहेत. नेमकी कोणती सवय आधी लावावी, की नोकरीच सोडावी?

उत्तर:

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

सुटलेल्या पहाटेच्या दिनक्रमाबद्दल आधी लिहिते, कारण त्याची टोचणी गेल्याशिवाय पुढचे काही सांगण्यात अर्थ नाही. रात्री अकरापर्यंत ईमेल पाहून, स्वयंपाकघर आवरून बाराच्या सुमारास अंथरुणाला पाठ टेकणाऱ्या बाईने पहाटे पाचचा गजर लावला, तर आधीच तुटपुंजी असलेली झोप आणखी कमी होणार, हे उघड आहे. शरीराने त्याला दोन आठवड्यांत नकार दिला, ते बरेच झाले. असले दिनक्रम मोबाइलवर उत्साहाने सांगणाऱ्यांच्या घरी दिवसाआड किंवा चार-चार दिवसांआड अवेळी नळ येत नसावा, अशी मला दाट शंका आहे. योगासने किंवा ध्यान यांत वाईट काहीच नाही. परंतु काठोकाठ भरलेल्या दिवसात नव्या चांगल्या सवयी कोंबून हा थकवा जात नाही, आधी त्या दिवसातून काहीतरी काढावे लागते. त्यामुळे ‘कोणती सवय लावावी’ या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर बहुतांशी ‘काय थांबवावे’ याबद्दलचे असणार आहे.

तुम्ही वर्णन केलेली अवस्था नवीन नाही आणि तुमच्या एकटीची तर मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मान्य झाली आणि २०२२ पासून लागू झाली. तीत बर्नआउटची नोंद आहे, मात्र आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी आणि केवळ नोकरी-व्यवसायापुरती मर्यादित अशी अवस्था म्हणून. शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपण पूर्वीसारखे काम करू शकत नाही असे जाणवणे, ही तिची तीन लक्षणे तिथे दिली आहेत. तुमच्या पत्रातील पोटातला गोळा, पॅकिंगच्या बायकांवर डाफरणे आणि चुकणारी पॅकिंग लिस्ट यांच्याशी ती ताडून पाहिली, तर मला फारसे अंतर दिसत नाही. ‘कामाच्या ठिकाणचा ताण’ हे शब्द मात्र लक्षात ठेवा, कारण उपायाचा मोठा भाग तिथेच आहे, तुमच्या सतरंजीवर किंवा रोजनिशीत नाही.

असे असले तरी आधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन या, कारण थकवा हा इतर अनेक दुखण्यांचाही आवाज असतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातील साखर आणि बी-१२ या साध्या रक्ततपासण्या आहेत. चाळिशीनंतर पाळीच्या चक्रात होणाऱ्या बदलांमुळेही झोप मोडते, तेव्हा तेही संकोच न करता सांगा. नैराश्याची शंकाही याच वेळी दूर करून घ्यावी. कामाने आलेला थकवा साधारणपणे कामाशी बांधलेला असतो. माहेरी गेल्यावर किंवा जुन्या मैत्रिणीशी गप्पा मारताना जीव हलका होतो. सलग दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नसेल, भूक व झोप बिघडली असेल, सतत रडू येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटले पाहिजे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या आपल्या सर्वोपचार रुग्णालयातही तशी सोय आहे. आणि जगणे नकोसे झाल्याचा विचार एकदाही मनात आला, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर बोला. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, ती चोवीस तास असते आणि तिथे मराठीतून बोलता येते.

आता काय थांबवायचे ते पाहू. माझ्या मते सुरुवात रात्रीच्या ईमेलपासून करावी, कारण झोप, चिडचिड आणि चुका या तिन्हींची मुळे तिथे गुंतलेली दिसतात. रात्री उत्तर दिले नाही तर बायर नाराज होईल ही भीती स्वाभाविक आहे, पण एकदा घड्याळ समोर ठेवून हिशेब करून पाहा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास. तुम्ही सकाळी साडेनऊला कारखान्यात बसून उत्तर पाठवले, तर तिथे आदल्या दिवसाचे रात्रीचे अकरा किंवा बारा वाजलेले असतात; म्हणजे अमेरिकेतला बायर सकाळी आपल्या कार्यालयात येईल त्याच्या कितीतरी आधी तुमचे उत्तर त्याच्यासमोर तयार असते. जर्मनीसारखा देश आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असल्यामुळे तिथल्या कामकाजाचा बराचसा दिवस तुमच्या संध्याकाळी सातपर्यंतच्या वेळात येतो, आणि सातनंतर आलेल्या ईमेलचे उत्तर तुमच्या सकाळी गेले तरी ते त्यांच्या पहाटे पोहोचते. रात्री अकरा वाजता जागून तुम्ही जे वाचवता ते काही तास फक्त त्या दिवसाच्या उरलेल्या वेळातले असतात, आणि नमुन्याचा रंग मंजूर करणे किंवा कार्टनवरील मजकूर बदलणे यांसाठी ते तास क्वचितच निर्णायक ठरतात.

याला खरा अपवाद आहे, तो मान्य करते. कंटेनर भरून न्हावा-शेवा बंदराकडे निघणार असेल, कागदपत्रांत ऐनवेळी दुरुस्ती आली असेल, तर रात्री काम करावेच लागते. पण तशा रात्री महिन्यातून किती असतात ते मोजा आणि त्यांच्यासाठी वेगळी वाट ठेवा: खरोखर निकड असेल तर फोन करावा, ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरील निरोप सकाळी पाहिला जाईल, असे शेठना, डिस्पॅच विभागाला आणि नेहमीच्या बायरना स्पष्ट कळवा. बायरसाठी ईमेलच्या तळाशी दोन ओळी पुरतात. त्यानंतर रात्री साडेआठला कारखान्याचे गट मूक करून फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधे घड्याळ विकत घ्या. पहिला आठवडा बेचैनीत जाईल, हात फोनकडे जाईल, काहीतरी निसटते आहे असे वाटत राहील. ती बेचैनी सवय मोडल्याची असते आणि बहुतेकांची ती ओसरते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने सोनेनटाग यांनी कामानंतरच्या विश्रांतीवर दीर्घ संशोधन केले आहे. त्यांच्या मांडणीत पहिला मान विश्रांतीच्या प्रकाराला नसून मन कामापासून सुटण्याला आहे. देह घरी पण डोके डिस्पॅचमध्ये, अशा संध्याकाळी झीज भरून निघत नाही. तुम्हाला यासाठी एक छोटी गोष्ट सुचवते. निघण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत उद्याची पहिली तीन कामे आणि अर्धवट राहिलेल्या गोष्टी कागदावर लिहून तो कागद टेबलाच्या खणात ठेवा. मन रात्री त्याच त्या गोष्टींभोवती फिरते ते विसरण्याच्या धास्तीने, आणि लिहून ठेवलेले असले की ती धास्ती पुष्कळ कमी होते.

झोपेबद्दल फार लिहीत नाही. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप लागते, आणि सध्या तुम्हाला ती मिळत नाही. नळ येण्याच्या दिवशी पहाटे कोण उठणार याची घरात पाळी लावा. मुलगा दहावीत असला तरी आठवड्यातून एकदा मोटार चालू करून टाकी भरण्याने त्याची टक्केवारी घसरत नाही, आणि पतींना तर ते जमायलाच हवे. तुमची पाळी असेल त्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटून बसा. चहातील कॅफिनचा अर्धा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात शिल्लक असतो, म्हणून शेवटचा कप चारच्या सुमारास घ्यावा. संध्याकाळी सहाला कारखान्यात जो कडक चहा फिरतो, त्याला नको म्हणायला शिका. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि स्लॅबच्या घरातील खोल्या मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात, तेव्हा झोपण्यापूर्वीची अंघोळ आणि शक्य असल्यास गच्ची, हे जुने उपाय अजूनही उपयोगी आहेत.

यानंतरचा भाग तुम्हाला अवघड वाटेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली १९८१ मध्ये सहकाऱ्यासह प्रसिद्ध केली. पुढे मायकेल लायटर यांच्यासोबत त्यांनी माणसाला थकवणारी कामाची सहा अंगे सांगितली: कामाचा भार, कामावरील ताबा, मोबदला आणि कौतुक, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्यांचा मेळ. तुमच्या बाबतीत भाराचे कारण कागदावर लिहिलेले आहे: दोघींचे काम एकटीवर आले आहे. चालणे, प्राणायाम, वेळेवर जेवण हे सगळे केले तरी दोघींचे काम दोघींचेच राहते. म्हणून शेठशी बोलणे टाळता येणार नाही.

आपल्याकडील बहुतेक कारखाने घराण्यांचे आहेत. मालक लग्नकार्याला येतात, अडीअडचणीला उचल देतात, आणि त्यामुळे त्यांच्याकडे कामाचा भार कमी करून मागणे म्हणजे घरच्या माणसाकडे हिशेब मागण्यासारखे वाटू लागते. ही भावना मी कमी लेखत नाही. परंतु त्याच घरोब्याचा आधार घेऊन मोकळेपणाने बोलताही येते, आणि अनेकदा मालकांना खरोखरच कल्पना नसते, कारण काम वेळेवर होत असते. ते कोणाच्या झोपेवर होते आहे हे त्यांना दिसत नाही. बोलण्यापूर्वी दोन आठवडे एका वहीत तुम्ही काय काय करता ते वेळेसह लिहा. त्यातून नमुन्यांचा पाठपुरावा, बायरशी दरांबाबतचा संवाद अशी तुमच्याशिवाय होऊ न शकणारी कामे एका बाजूला निघतील, आणि पॅकिंग लिस्ट, कुरिअरचे कागद, बारकोडची तपासणी अशी एखादी वाणिज्य शाखेची पदवीधर मुलगी महिनाभरात शिकू शकेल अशी कामे दुसऱ्या बाजूला. कंटेनर भरण्याचा दिवस आणि बोनसचा आठवडा सोडून एखादी शांत सकाळ निवडा, वही सोबत न्या आणि साधारण असे बोला: “शेठ, दिवाळीपासून मी दोघींचे काम करते आहे. गेल्या महिन्यात पॅकिंग लिस्टमध्ये चुका झाल्या, त्या वाढू नयेत असे मला वाटते. या यादीतली कामे करायला एक मदतनीस मिळाली, तर मी बायरकडे पूर्ण लक्ष देऊ शकेन. तोपर्यंत रात्री साडेआठनंतर फक्त निकडीचे फोन घेईन.” यात रडगाणे नाही, उपकाराची याचना नाही, आणि कारखान्याचे नुकसान कशात आहे हेही आहे.

शेठना आकडे पटतात असे दिसले, तर आणखी एक आकडा सांगायला हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकारांनी मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. नऊ ते आठ, सहा दिवस, म्हणजे जेवणाची सुट्टी वजा केली तरी तुमचे साठ तास होतात, आणि त्यात रात्रीचे ईमेल धरलेले नाहीत. हे सांगताना घाबरवण्याचा हेतू नाही. अशी तुलना हजारो लोकांच्या सरासरीची असते, एका व्यक्तीचे भविष्य त्यातून निघत नाही.

मदतनीस मिळेपर्यंत थोडी रजा घ्या, शक्य असेल तर सलग आठ-दहा दिवस. दोन दिवसांच्या रजेनंतरही थकवा तसाच राहिल्याचे पाहून पुष्कळ जण हताश होतात, त्यांना मी आपल्या उजनीचे उदाहरण देते. धरण मृतसाठ्यातही खाली गेलेले असले, की पावसाळ्यातले पहिले पाणी केवळ वजा पातळी भरून काढण्यात जाते. पाणी येत असूनही वर्तमानपत्रात टक्केवारी शून्याच्या खालीच छापून येते. तुमचेही पहिले काही दिवस असेच जातील, नुसती झोप येईल, अंग दुखेल, कदाचित रडू येईल. पूर्ववत होण्यास काही महिने लागू शकतात, आणि ते वाढत्या क्रमानेच होईल असेही नाही.

रजेबाबत सोलापूरकरांना वेगळी सूचना करावी लागते. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि गाणगापूर यांच्या मधोमध आपण राहत असल्यामुळे, घरातली बाई सुट्टीवर आहे असे कळताच पाहुण्यांना देवदर्शनाची आठवण होते. त्यांचे चहापाणी, मुक्काम आणि वाटेसाठी शेंगाचटणीचे डबे यांत रजा कशी संपली ते कळत नाही. तेव्हा रजेची वार्ता नात्यात पसरू देऊ नका. आणि घरच्यांनी तीन दिवसांत पाच देवस्थानांचा बेत आखला, तर या वेळी त्यांनाच जाऊ द्या.

शरीराच्या सवयींपैकी चालणे मी सर्वांत वर ठेवीन, कारण त्याला साहित्य, शिकवणी आणि पहाट यांपैकी काहीच लागत नाही. आठवड्याला एकूण १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तुम्ही सुरुवात दहा मिनिटांनी करा. विजापूर रस्त्यावरील संभाजी तलाव तुमच्या भागापासून लांब नाही. उन्हाळ्यात ऊन उतरल्यावरच जा, आणि जमल्यास पतींसोबत जा, मात्र कारखान्याचा विषय न काढण्याच्या अटीवर. जेवणाबद्दल एवढेच, की डबा टेबलावर कीबोर्डशेजारी उघडू नका. भाकरी आणि शेंगाचटणीत काही वावगे नाही; एका हातात घास आणि दुसऱ्या हातात फोन ही रीत मात्र बदला, आणि उपवासाचा दिवस निव्वळ चहावर काढू नका. पॅकिंगमधल्या ज्या बायकांवर तुम्ही डाफरता, त्यांच्यासोबत आठवड्यातून एक-दोनदा बसून डबा खाल्लात तर त्याचाही उपयोग होईल. त्यांनाही तुमच्यातला बदल जाणवला असेलच, आणि एखादीला “त्या दिवशी माझे चुकले” म्हटल्याने तुमचा अधिकार कमी होत नाही.

हे पत्र घरी वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे. रात्री आठनंतर परतलेल्या बाईने पुन्हा साडेअकरापर्यंत ओट्याशी उभे राहायचे ठरले असेल, तर कारखान्यात सुधारणा होऊनही फारसा फरक पडणार नाही. रात्रीची भांडी आणि सकाळच्या भाजीची तयारी पतींकडे जावी. सासूबाईंना ते प्रथम रुचणार नाही, पण सून आजारी पडल्यावर ती सगळीच कामे कोणाला करावी लागतील, हे त्यांना समजावून सांगण्याची जबाबदारीही पतींचीच आहे.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. सध्याच्या मनःस्थितीत राजीनामा लिहू नका. थकलेल्या मनाला प्रत्येक दार बंद दिसते आणि त्या भरात घेतलेला निर्णय पुढे जड जाऊ शकतो. शेठशी बोलल्यापासून तीन महिन्यांची मुदत मनाशी धरा. त्या अवधीत मदतनीस आली, रात्रीचे ईमेल थांबले आणि तरीही कामाचा तिटकारा तसाच राहिला, तर कदाचित हे कामच तुम्हाला आता नको असेल, आणि त्याचा विचार स्वस्थपणे करता येईल. उलट, मुदत संपली तरी आश्वासनांपलीकडे काहीच हलले नाही, तर दुसरीकडे चौकशी सुरू करा. निर्यातीची कागदपत्रे, बायरशी पत्रव्यवहार आणि मालाची पारख एवढे सगळे येणाऱ्या व्यक्तीला चिंचोळी औद्योगिक वसाहतीत किंवा शहरातल्या इतर कारखान्यांत विचारणारे लोक मिळतील. फक्त हातात नवीन नेमणूक किंवा किमान चार-सहा महिन्यांचा घरखर्च असल्याशिवाय पाऊल उचलू नका, आणि मुलाची दहावीची परीक्षा होईपर्यंत थांबता आले तर पाहा.